तार, सुई आणि तुझी भिंत

दस्तगीर,

काल तुला मातीत ठेवून आलो आणि आज सकाळी शाळेत जाऊन नेहमीसारखा तास घेतला. विषय निघाला तो नेमका हाच, की तारेतून वीज सोडल्यावर शेजारची चुंबकसुई का वळते. कुणी म्हणेल, मास्तरांनी मित्राची आठवण म्हणून मुद्दाम घेतला. तसं काही नाही. पुस्तकात हा धडा लोहचुंबकानंतर येतो आणि लोहचुंबक मागच्या आठवड्यात संपला होता. मी बॅटरी जोडली, सुई वळली, मुलं डोळे विस्फारून बघत राहिली. ठरलेलं सगळं मी ठरल्या क्रमाने सांगितलं. फक्त तार सोडवायची राहून गेली आणि ती चांगलीच तापली. एवढंच काय ते नेहमीपेक्षा वेगळं झालं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, असं सांगतात. ते सगळं तुझा भाऊ रसूल सांगेलच, आणि त्यात तुझ्यापेक्षा तुमच्या घराण्याचंच जास्त असेल. मला तुझ्याशी दोन-तीन गोष्टींवर अजून भांडायचं आहे. तू मधेच उठून गेलास, ही तुझी जुनी खोड. तालमीतसुद्धा पाठ टेकायची वेळ आली की तुला घरी काम आठवायचं.

पुढे मी पुस्तकं धरली आणि तू थापी. तुझा बाप गवंडी, आजा गवंडी. पण नुसते दगड रचणारे गवंडी कोल्हापुरात ढिगाने होते, तुमच्या घराची ख्याती वेगळी होती. कुठे मशीद उठायची असली की पहिली दोरी धरायला तुम्हाला बोलावणं यायचं. मशिदीची एक भिंत मक्केच्या रोखाने असावी लागते, आपल्याकडून पाहिलं तर पश्चिमेला आणि जराशी उत्तरेकडे. ती एक भिंत बरोबर बसली की बाकीची इमारत तिच्या मागे निमूट येते. तुम्ही त्यासाठी मोकळ्या जागेत काठी रोवायचात, भोवती वर्तुळ काढायचात, आणि सकाळी व दुपारनंतर सावलीचं टोक जिथे वर्तुळाला टेकेल तिथे खुंट्या ठोकायचात. दोन खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली. तिथून उत्तरेला किती सरकायचं याचं माप तुझ्या बापाने तुला दिलं होतं. मी ते एकदा नकाशावरून तपासलं आणि बरोबर निघालं, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. बापाचं माप तपासायचा मला काय अधिकार, असं तुझं म्हणणं होतं.

महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली, तिथे अत्तरवाले, तांबोळी, पिंजारी अशी बरीच मंडळी येऊन राहिली आणि त्यांना जवळ मशीद हवी झाली. जागा मिळाली ती एका कापसाच्या गिरणीच्या पाठीमागे. कामाचे पुढारी हाजी मन्सूरसाहेब, अत्तराचे व्यापारी, शब्दाचे पक्के आणि घाईचे त्याहून पक्के. पायाचा पहिला दगड येत्या शुक्रवारीच बसायचा, असं त्यांनी गावोगावच्या लोकांना सांगून ठेवलं होतं. दिवस पावसाळ्याचे, सूर्याचा पत्ता नाही. त्या दिवशी सकाळी, लोक जमायच्या आधी, तिथे आपण तिघंच होतो. शाळेला सुट्टी होती आणि तुझं काम बघायला मी नेहमीच यायचो.

तू म्हणालास, "हाजीसाहेब, ऊन पडू द्या की. चार दिस थांबलं तर काय बिघडतंय?"

हाजीसाहेबांनी कमरेच्या पिशवीतून एक पितळी डबी काढली. हजहून येताना त्यांनी ते होकायंत्र आणलं होतं आणि गावातल्या कितीतरी लोकांनी ते डोळ्याला लावलं होतं.

"हे कुठनं आणलंय ठावं हाय न्हवं तुला? मक्केतनं आलेल्या यंत्राला मक्का घावणार न्हाय व्हय?"

 तू डबी घेतलीस, जागेवरच्या जुन्या चौथऱ्याच्या कडेच्या दगडावर ठेवलीस, सुई स्थिर होईपर्यंत थांबलास आणि दोरी ताणलीस. मागे गिरणी धडधडत होती. लोक आले तेव्हा डबी हाजीसाहेबांच्या कमरेला परत गेली होती. दस्तगीरने आपल्या घराण्याच्या रीतीनेच दिशा धरली असणार, असं सगळे धरून चालले. मशीद उभी राहिली, चुना लागला, अजान सुरू झाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मलकापूरचा एक पाहुणा तिथे संध्याकाळच्या नमाजाला आला. कोपऱ्याजवळच्या खिडकीतून आत येणारा मावळतीचा उजेड बघून तो तुलाच म्हणाला, तू कोण हे माहीत नसताना, "पावणं, तुमच्या शाहूपुरीत सूर्य कोपऱ्यात मावळतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तू काठी रोवलीस. भिंत दक्षिणेकडे झुकली होती, आणि ती थोडीथोडकी नव्हे, डोळ्याला दिसावी इतकी. तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. तू बसला नाहीस. उभ्याउभ्याच म्हणालास, "मास्तर, लोकांची नमाज माझ्यापायी वाकडी झाली." मला वाटलं रडशील. रडला नाहीस. मी चहा टाकायला सांगितला.

माझं डोकं मात्र दुसरीकडेच चालू लागलं होतं, हे तुला माहीत आहे. होकायंत्र खोटं नव्हतं. तू चुकीचं पाहणाऱ्यातला नव्हतास. मग सुईला तिथे कुणीतरी दुसरीकडे बोलावलं असलं पाहिजे. मी शाळेतलं होकायंत्र खिशात घालून त्या चौथऱ्याशी गेलो आणि गिरणीच्या माणसाला दोन प्रश्न विचारले. गिरणीत पुढच्या अंगाला तेलाचं इंजिन होतं आणि त्यावर वीज करणारा डायनामो. मागच्या शेडमध्ये, मशिदीचा पाया घालायच्या थोडं आधीच, एक विजेची मोटर बसवली होती. पुढून मागे वीज न्यायला मुंबईच्या कारागिराने एक जाड तार लाकडी पन्हळीत घालून जमिनीतून नेली होती, आणि ती बरोबर तुमच्या चौथऱ्याच्या कडेच्या दगडाखालून जात होती. परत येणारी तार शेडच्या पलीकडून फिरवली होती. दोन्ही तारा शेजारी शेजारी असत्या तर एकीचा परिणाम दुसरीने पुसून टाकला असता. एकटी तार मात्र भोवतालच्या सुईला आपल्या आडवी वळवायला बघते. हे वर्गात मी किती वर्षं सांगत आलो होतो.

तुला दुपारी घेऊन गेलो. गिरणी चालू होती. मी शाळेतलं होकायंत्र त्या दगडावर ठेवलं, सुई उत्तरेपासून बरीच फटकून उभी राहिली. आपण दगडावर उकिडवे बसलो. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, इंजिन धापा टाकत थांबलं आणि सुई हळूच वळून, थोडी डुलून, उत्तरेला जाऊन उभी राहिली. कुणी तिला हात लावला नव्हता. सुट्टी संपून इंजिन पुन्हा सुरू झालं आणि ती पुन्हा फटकली.

मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं होतं, तुझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. पण तू त्या सुईकडे बघून हसत होतास, लहान पोरासारखा. "आरं, हिला तारेचं कळतंय की!" एवढंच म्हणालास. आपली सुटका झाली हे तुझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला. इतकी वर्षं तोच प्रयोग करून मला असं हसू कधी आलं नव्हतं.

मग मी म्हणालो, जमातीला बोलावू, सगळ्यांसमोर हे दाखवू, म्हणजे तुझ्यावर बोल येणार नाही. तुझं हसू तिथेच गेलं.

"आणि हाजीसाहेबांचं काय?"

"त्यांचं काय? यंत्र खोटं नव्हतं, हे त्यांनाही कळेल."

"लोकांस्नी येवढंच कळंल की म्हाताऱ्यानं मक्केचं यंत्र आणलं आणि मशीद वाकडी केली. तारेचं कोण ऐकतंय? जल्मात एकदा हज झाली त्यांची. त्याच्यावर डाग पाडू मी?"

"मग तुझ्यावर पडू दे?"

"हात माझा हुता."

इथे आपलं भांडण सुरू झालं, ते कालपर्यंत चालू होतं. मी म्हणायचो, ज्या गोष्टीचं कारण सापडलं तिथे दोषाचा प्रश्न संपतो. पृथ्वीने सुईला एकीकडे ओढलं, तारेने दुसरीकडे, ती दोघींचं ऐकून मधे उभी राहिली. यात कुणाचा काय गुन्हा? तू म्हणायचास, "सुईचं चुकलं न्हाय, तारेचं न्हाय, हाजीसाहेबांचं न्हाय. मग भिंत वाकडी कशी झाली? आपोआप? थांबायचं ठावं असताना जो थांबला न्हाय, त्याचं चुकलं." मी म्हणायचो, तू थांबा म्हणाला होतास. तू म्हणायचास, "म्हणून काय झालं? दोरी ताणलीच की." तू हट्टी होतास, आणि मी शिकलेला असल्यामुळे माझ्या हट्टाला आपण मत म्हणत असू. शेवटी तू मला शपथ घातलीस की होकायंत्राचा शब्द बाहेर काढायचा नाही. ती मी पाळली.

शुक्रवारी नमाजानंतर तू उभा राहिलास आणि सांगितलंस, "ही भिंत माझ्या हातनं चुकलीया." कारण दिलं नाहीस. भिंत स्वतःच्या हाताने पाडून पुन्हा बांधून देतो म्हणालास. जमातीने ते ऐकलं नाही. नुकताच चुना लागलेली भिंत पाडायला कुणाचा जीव धजत नव्हता. मौलवींनी सांगितलं, मनाचा रोख बरोबर असला की मागची नमाज मान्य, पुढची मात्र नीट दिशेने उभं राहून करा. मग तूच ऊन बघून फरशीवर चुन्याच्या तिरक्या रेषा मारून दिल्यास. तेव्हापासून त्या मशिदीत माणसं भिंतीकडे तोंड न करता कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहतात. नवा माणूस आला की विचारतो, आणि कुणीतरी सांगतं. दिवसातून पाच वेळा तुझी चूक तुझ्या पायाखाली असायची. तू तिथेच नमाज पढायला जात राहिलास. दुसरी मशीद काही लांब नव्हती.

पेठ वडगावचं एक मोठं काम तुझ्याकडे येणार होतं. ते लोक आले, चहा प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारून गेले आणि दुसरा गवंडी शोधला. त्यानंतर दोरी धरायला तुला कुणी बोलावलं नाही. तुझ्या बापाच्या काठीवरही लोक हसू लागले. ज्या काठीला त्या दिवशी कुणी हातच लावला नव्हता, तिची बदनामी झाली. हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि हे तुला बोलून दाखवलं तेव्हा तू उठून गेलास. दुसऱ्याने धरलेल्या दोरीवर तू दगड बसवत राहिलास. तुझा दगड तसाच चोख बसायचा. पण दोरी ताणली जात असताना तू पाठ करून चुना कालवत बसायचास, हे मी पाहिलं आहे.

नुकसान झालं ते तुझं, आणि फायदा झाला तो माझा. कारण तेव्हापासून रविवारी तू शाळेच्या कपाटाशी येऊ लागलास. ज्याने आपल्याला फसवलं ते आहे तरी काय, हे तुला बघायचं होतं. मी वेटोळं काढलं, वीज दाखवणारं काट्याचं यंत्र काढलं, चुंबकाची कांडी काढली. कांडी वेटोळ्यात घातली, काटा हलला. बाहेर काढली, काटा उलटा हलला. तुला सांगितलं, विजेतून चुंबकत्व निघतं तसं चुंबकातून वीजही निघते. गिरणीच्या एका टोकाला चुंबकात तार फिरवून वीज करतात आणि दुसऱ्या टोकाला त्याच विजेने चुंबक करून मोटर फिरवतात. तू म्हणालास, "आणि मधल्या वाटंवर माझी भिंत!" यावर दोघंही हसलो. त्या भिंतीवर हसलास तो तेवढा एकदाच.

मग कांडी वेटोळ्यात घालून तू तशीच धरून ठेवलीस. काटा शून्यावर.

"आता का न्हाय?"

"कांडी हलली पाहिजे. नुसती असून उपयोग नाही, बदल व्हायला हवा."

"का पण?"

"निसर्गाचा नियम आहे."

"म्हंजे तुला बी ठावं न्हाय की."

नाही ठाऊक, दस्तगीर. वर्गात कुणी विचारत नाही म्हणून निभावून जातं.

वीज आणि चुंबक दोन की एक, हेही आपलं मिटलं नाही. तू म्हणायचास दोन, कारण एक तारेतून पळतं आणि दुसरं दगडात गप बसून असतं. मी म्हणायचो, एकाच गोष्टीची ही पुढची बाजू आणि ती मागची. एका विलायती पंडिताने तर गणित करून दाखवलं आहे, की प्रकाशही याच दोघांचा मिळून बनलेला आहे, हे मी तुला सांगितलं आणि पस्तावलो. तू किती वेळ डोकं खाजवत बसलास आणि म्हणालास, "म्हंजे ऊन बी ह्याच घराण्यातलं. मग माझ्या बाच्या काठीनं आणि हाजीसाहेबांच्या सुईनं येकाच घरात इचारलं की रं. उत्तरं दोन कशी आली?"

मी म्हणालो, सूर्याशेजारून कुणी तार नेली नव्हती.

तुला ते उत्तर आवडलं. माझं एवढं एकच उत्तर तुला आवडल्याचं मला आठवतं.

हाजीसाहेबांशी तुझं काय होतं, ते मला कधी नीट उमगलं नाही. रस्त्यात भेटले की तेच तुला आधी सलाम करायचे, एवढा वयाचा मान असून. ईदेला अत्तराची कुपी पाठवायचे. ती डबी मात्र त्यांच्या कमरेला पुन्हा कुणी पाहिली नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सगळं कळतंय आणि सोयीने विसरतोय. मी तसं बोललोही. तू म्हणालास, "त्यांचं त्यांच्यापाशी. तू नगं इचारूस."

ताप तीन-चार दिवसांचाच. मी आलो तेव्हा तू ओळखलंस, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं तुझ्यात. मीही इकडचं तिकडचं बोलत बसलो. निघताना वाटलं, उद्या येऊ तेव्हा बोलू. काय बोलणार होतो तेही सांगून टाकतो. भांडणात तू जिंकलास असं मी म्हणणार नव्हतो. पण तुझ्यासारखा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही, एवढं म्हणणार होतो. ते राहिलं.

काल त्याच मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत तुला आणून ठेवलं. लोक बरेच होते, तुला खरं वाटणार नाही इतके. मी मागे, चपला काढतात तिथे उभा होतो. रांगा लागायच्या आधी तुमच्यात रीत आहे त्याप्रमाणे रसूल पुढे आला आणि रडक्या आवाजात म्हणाला, "माझ्या भावानं कुणाचं मन दुखवलं असंल, कुणाचं काय ऱ्हायलं असंल, तर सांगा. न्हायतर माफ करा." सगळीकडून "माफ केलं, माफ केलं" असा आवाज उठला. एवढ्यावर ते संपायचं असतं.

पण हाजीसाहेब गर्दीतून पुढे आले. दोघांनी धरलं होतं त्यांना, ते हात त्यांनी सोडवले.

"त्यानं माझं कायबी दुखवलं न्हाय," ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या वयाच्या मानाने मोठा होता. "मी त्याचं दुखवलंय. ही भिंत त्यानं काठीनं धरली न्हवती. त्यो थांबा म्हणत हुता. घाई माझी, यंत्र माझं. येवढी वरसं त्यो गावाचं बोलणं खात ऱ्हायला, माझं नाव घेतलं न्हाय, आणि मी गप बसलो. त्याच्या बाचं नाव गेलं त्यात. तुमी त्याला काय माफ करताय? त्यानं मला माफ कराय पायजे."

 रसूलला हे काहीच माहीत नव्हतं, तो नुसता बघत राहिला. तुझ्याकडे वळून म्हाताऱ्याने हात जोडले आणि तसाच उभा राहिला. आता तू उत्तर देणार नाहीस, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला असावा. मग त्याने मान वर करून मला शोधलं.

"मास्तर, तुमी तिथं हुता. त्याच्या वतीनं तुमी सांगा."

शे-दोनशे माणसं माझ्याकडे वळली.  तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक होतं. माफ करण्यासारखं यात काही नाहीच, असं म्हणून तू सगळं पुन्हा आपल्या अंगावर घेतलं असतंस आणि म्हाताऱ्याला रित्या हाताने परत पाठवलं असतंस. माझी तत्त्वंही माझ्याजवळ होतीच. कारण सापडलं की दोष संपतो, मग माफी कशाची? तारेचं मी हाजीसाहेबांना उद्या जाऊन सांगणार आहे, तुझी शपथ आता सुटली असं मी धरतो. पण काल ते सांगण्याची वेळ नव्हती. म्हातारा अजून हात जोडूनच उभा होता.

मी म्हणालो, "माफ केलं."

तुझ्या वतीने म्हणालो, तुला न विचारता. आजवर माझं एक वाक्य तू धड पुढे जाऊ दिलं नाहीस, प्रत्येकाला तुझं 'पण का' तयार असायचं. काल मी बोलून गप्प झालो, थोडा वेळ वाट बघितली, आणि कुणीच काही बोललं नाही.